कोळपेमामांची जप्ती

शिरूरच्या कोर्टात कारकून म्हणून रुजू झाले, त्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कुणाची तरी खाकी पिशवी ठेवलेली होती. ती उचलून बाजूला ठेवायला गेले तर मागून आवाज आला, "ताई, आडवी करू नका. खळ सांडंल."

पिशवीत समन्स होती, नोटिसा होत्या, शाईचं पॅड होतं आणि झाकणाच्या डब्यात गव्हाच्या पिठाची खळ होती. मालक मागे उभे होते. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला, आणि चेहरा असा की हा माणूस आत्ताच कुठल्या तरी लग्नात जेवून आला असावा. हे आमचे बेलिफ, बिरू कोळपे. सगळा तालुका त्यांना मामा म्हणायचा. ज्यांच्या घरावर त्यांनी जप्ती नेली होती, तेही मामाच म्हणायचे.

ज्यांना आजवर कोर्टाची पायरी चढावी लागली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते. कोर्ट हुकूम देतं, पण हुकमाला पाय नसतात. तो पोचवायचा बेलिफानं. समन्स द्यायचं त्यानं, दारावर नोटीस चिकटवायची त्यानं, आणि पैसे वसूल होत नसले तर घरात जाऊन वस्तू जप्त करून आणायच्या त्याही त्यानंच. गावात बेलिफ आला की लोक घराला कुलूप लावून शेतात जातात. मामा सायकलवरून आले की बायका ओट्यावर येऊन विचारायच्या, "मामा, आज कुनाकडं?"

या मामांच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड वॉरंट माझ्याच हातानं लिहिलं गेलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या वॉरंटवर त्यांच्या थोरल्या भावाचं नाव होतं. दंड वसूल झाला नाही तर पासष्टी उलटलेला भाऊ तुरुंगात जाणार होता, आणि मामांनी तो वसूल केला तर भाऊ जन्मात त्यांचं तोंड पाहणार नव्हता. तिथवर मी येतेच. पण मामा कसे होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांनी जे केलं ते कुणाला वेडेपणाचं वाटेल.

खळीपासूनच सुरुवात करते. मामांचा बाजारच्या गोंदावर विश्वास नव्हता. "गोंदाची नोटीस वाऱ्यानं जाती," असं त्यांचं मत. म्हणून घरी पिठाची खळ शिजवायचे. त्या खळीचा दोष एवढाच की ती शेळ्यांना फार आवडायची. एकदा एका वस्तीवर दाराला लावलेली नोटीस शेळीनं खळीसकट खाऊन टाकली, आणि प्रतिवादी कोर्टात येऊन म्हणाला, मला नोटीस मिळालीच नाही. आमचे नाझरसाहेब, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, त्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, नोटीस मी लावली व्हती. ती शेळीनं खाल्ली त्याला माजा इलाज न्हाई. पन शेळी प्रतिवादीच्याच मालकीची हाय, तेवढं लिहून घ्या." त्या दिवसापासून खळीत अडुळशाचा रस पडू लागला, कारण त्याला शेळी तोंड लावत नाही. माझ्या टेबलाला पुढे कित्येक वर्षं जो कडवट वास यायचा, तो तोच.

मामांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण दिवाणी कायद्यातलं साठावं कलम त्यांना आरतीसारखं पाठ होतं. जप्तीत काय काय नेता येत नाही, त्याची यादी त्या कलमात आहे. दुसरे बेलिफ घरात शिरले की काय नेता येईल ते शोधायचे. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहून आधी यादी म्हणायचे.

"मी काय न्येनार न्हाई ते पयलं ऐका. अंगावरची कापडं न्हाई. सैपाकाची भांडी न्हाई. हातरून-पांघरून न्हाई. बाईचं मंगळसूत्र न्हाई. सुताराचा रंदा न्हाई. नांगर न्हाई, नांगराचा बैल न्हाई, पेरनीचं बी न्हाई. आता ऱ्हायलं काय ते बसून बगू."

एवढं ऐकलं की घरातल्यांच्या जिवात जीव यायचा. मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून उभी असलेली बाई मूठ सोडायची आणि पाणी आणायला आत जायची. मग राहिलेल्या वस्तूंत असायचं काय, तर एखादा रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, लोखंडी खुर्ची. तो रेडिओ मामांनी उचलून दोन्ही बाजूंनी न्याहाळला की निम्म्या वेळा घरचा कर्ता कुठून तरी पैसे काढून आणायचा. लोक घाबरून पैसे लपवतात आणि भीती गेली की काढतात, असं मामांचं म्हणणं होतं.

खरं तर फौजदारी खटल्यातल्या दंडाची वसुली पोलिसांकडे जायची. आमच्याकडे नव्यानं आलेल्या न्यायाधीशसाहेबांनी त्यातली काही जप्तीची वॉरंटं बेलिफाकडे द्यायला सुरुवात केली. दंडाच्या वसुलीला ते साठावं कलम लागतं की नाही, यावर वकील मंडळी चहा संपेपर्यंत भांडायची. मामा भांडायचे नाहीत. ते यादी म्हणून मोकळे व्हायचे. नाझरसाहेब एकदा चिडून म्हणाले, "कोळपे, तुम्ही सरकारचे की त्यांचे?" मामा म्हणाले, "सरकारचाच की साहेब. पन वॉरंटात 'जप्त करा' लिवलंय. 'पानउतारा करा' असं कुठं लिवलंय?"

पण मामा मऊ होते असं मात्र कुणी समजू नये. एकदा हातात आलेलं वॉरंट ते कधी मोकळं परत आणायचे नाहीत.

भीमेच्या काठच्या एका गावात दत्ता नावाचा पोरगा होता. पाटसच्या कारखान्याला ऊस नेताना विनापरवाना ट्रॅक्टर चालवला म्हणून त्याला दंड झाला होता आणि तो भरायचं नाव घेत नव्हता. घराणं मूळचं मेंढपाळांचं, पण बापानं ऊस लावला, आणि दत्तानं मेंढरं फक्त दावणीला पाहिली. वीसेक मेंढ्या अजून घरी होत्या. जप्ती येणार हे कळल्यावर त्यानं कुणा शहाण्याचा सल्ला घेतला. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. शिरूरच्या कोर्टाचा बेलिफ नदी ओलांडून हात लावू शकत नाही. हिवाळ्याचे दिवस, नदी पायी ओलांडायच्या उताराला गुडघाभर पाणी. मामा यायच्या दिवशी पठ्ठ्यानं सगळ्या मेंढ्या पाण्यातून पलीकडे काढल्या आणि काठावर उभा राहून हात हलवला.

मामांनी अलीकडच्या काठावर सायकल लावली, दोघा पंचांना बसायला सांगितलं आणि स्वतः तंबाखू मळायला घेतली. पंच म्हणाले, "मामा, आता काय? चला माघारी." मामा म्हणाले, "त्येची कोकरं कुठं हायेत?"

कोकरं दत्ताच्या मेंढरांच्या वाड्यात होती, अलीकडे. मेंढ्या चरायला जातात तेव्हा लहान कोकरं घरी ठेवतात, आणि दिवस कलला की मेंढीची कास भरून येते. मग ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. दत्ताला हे ठाऊक नव्हतं. उन्हं उतरली तशी इकडून कोकरं ओरडायला लागली, तिकडून मेंढ्या. दत्ता काठी घेऊन आडवा झाला, पण वीस आया आणि एक काठी. सगळ्या पाण्यात उतरल्या आणि सरळ मामांसमोरून वाड्याकडे पळाल्या. मागून चिंब भिजलेला दत्ता आला. मामा त्याला म्हणाले, "आदी कोकरं पिऊ दे. तवर तू धोतर... न्हाई, प्यांट बदलून ये. मग बसून बोलू." कोकरं पिऊन होईपर्यंत दत्तानं दंडाचे पैसे आणून दिले. मेंढी एकही हलली नाही. परत आल्यावर हे सांगताना मामांना हसू आवरेना, आणि मधेच ते वाईट वाटून म्हणाले, "बगा ताई, मेंढपाळाच्या पोराला मेंढराचं ठावं न्हाई."

स्वतः मामाही त्याच घराण्यातले, वडगाव रासाईचे. लहानपणी कळपामागे चाललेले. पुढे ते नोकरीला लागून शिरूरला खोली करून राहिले. थोरले बंधू म्हाळूआबा गावीच राहिले. दोन एकर कांदा, थोडा ऊस आणि तीस-पस्तीस मेंढरं, असा त्यांचा संसार. मेंढरांवाचून म्हाळूआबांना झोप यायची नाही, असं मामा म्हणायचे. आबांच्या बायकोचं माहेर नदीपलीकडे दौंड तालुक्यात, खुटबावला. तिचा भाऊ किसन तिथं शेवंती करायचा.

या किसनकडे एकदा मामा रविवारी पाहुणे म्हणून गेले होते. तेव्हा दारात दोन तरणे उभे होते. काळे चष्मे, कमरेला पट्टे, बोलणं हिंदीत. किसननं मोटरसायकल कर्जावर घेतली होती आणि दोन हप्ते थकले होते. हे दोघे त्या कर्जवाल्यांचे वसुलीचे लोक. "कोर्ट का ऑर्डर है, गाडी निकालो, नहीं तो ताला तोडेंगे," असं चाललं होतं. किसनची बायको रडकुंडीला आली होती. मामा आतून हात पुसत बाहेर आले आणि फार अदबीनं म्हणाले, "कोर्टाचं वारंट हाय व्हय? बगू द्या की."

त्यांनी कसलासा छापील कागद दाखवला. मामांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला. "शिक्का दिसंना. जजची सही दिसंना. मी शिरूरच्या कोर्टाचा बेलिफ हाय, चोवीस वर्सं झाली. मला पन भायेरचं दार फोडता येत न्हाई. तुमाला कुठल्या जजनं परवानगी दिली, त्येंचं नाव सांगा, मी सोमवारी त्येंच्या पाया पडायला येतो."

दोघे एकमेकांकडे बघून निघून गेले. किसन मामांच्या पाया पडायला वाकला तर मामांनी त्याचा कान धरला. "पाया नगं पडू. हप्ता भर. त्ये खोटं बोलत व्हतं, पन तुजं देनं खरं हाय."

आता वॉरंटाकडे येते.

गावाबाहेरच्या माळावर वनखात्यानं रोपं लावली होती. त्या लागवडीत मेंढरं घातली म्हणून म्हाळूआबांवर खटला झाला. आबांचं म्हणणं एकच, "मेंढरं वाटंनं गेली. आत शिरली न्हाईत." वनरक्षकाचं म्हणणं, शिरली. न्यायाधीशसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पाचशे रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवसांची साधी कैद, असा निकाल दिला. भरायला महिन्याची मुदतही दिली. आबांच्या कोपरीच्या खिशात त्या दिवशी पाचशेहून जास्त पैसे होते, हे मामांनी मला नंतर सांगितलं. पण आबा पिंजऱ्यातून उतरले ते सरळ एसटी स्टँडवर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "भरला म्हंजी केलं असं झालं."

महिना सरला. जप्तीचं वॉरंट काढायचा हुकूम झाला. जप्तीत काही हाती आलं नाही तर आबांना आत जावं लागणार होतं. मी वॉरंट लिहायला घेतलं आणि 'कोळपे' या अक्षरांवर माझं पेन थांबलं. मामा समोरच उभे होते. म्हणाले, "नाव बराबर हाय ताई. लिवा."

साहेबांना नातं कळल्यावर त्यांनी मामांना आत बोलावलं. दुसऱ्या बेलिफाला पाठवतो म्हणाले. मामांनी हात जोडले. "साहेब, दुसरा गेला तर दादा काठी उचलील. मग हे पाचशाचं कलम ऱ्हाईल बाजूला आन् मोटं कलम लागंल. मीच जातो. मला मारलं तर मी सांगनार न्हाई." साहेबांना हसू आलं, पण त्यांनी वॉरंट मामांकडेच ठेवलं.

मी बाहेर मामांना गाठलं. "मामा, तुम्हीच भरून टाका ना पाचशे. पावती कुणाच्याही हातानं फाटते."

"ते मला कळत न्हाई व्हय? भरीन आत्ता. पन दादा काय म्हनंल? बिऱ्यानं मला चोर ठरवलं आन् वर माज्या चोरीचं पैशे भरलं. ताई, आई-बाप गेल्यावर त्यानं मला खांद्यावर घेऊन कळप हिंडवलाय. त्यो बोलला न्हाई तर माजं गाव संपलं." हे बोलताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. मामांना टोपीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

पहिल्या दिवशी मामा वडगावला गेले तर आबांनी त्यांना लांबून पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली. मामा ओट्यावर बसले. स्वतःच्याच जन्मघरच्या ओट्यावर, खाकी पिशवी मांडीवर घेऊन. दाराकडे तोंड करून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "दादा, भायेरचं दार मला फोडता येत न्हाई. आन् सूर्य मावाळल्यावर घरात शिरता येत न्हाई. तवा तू निवांत ऱ्हा." हे सांगायची कायद्यानं काही गरज नव्हती. पण भावाला माहीत असावं, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळानं वहिनी घराला वळसा घालून चहा घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, मागलं दार उघडंच हाय की."

मामांनी बशीत चहा ओतला. "वैनी, मला दिसलं न्हाई."

दिवस मावळला, मामा सायकलवर बसून माघारी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दाराआडून आबांचा आवाज आला. वॉरंट निघाल्यापासून त्यांनी मामांशी बोलणं टाकलं होतं, म्हणून ते बोलत होते बायकोशी, पण ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं. "त्याला सांग, न्यायचं आसंल ते न्हे म्हनावं. कोन आडवतंय? पन माज्या हातनं एक पैसा मिळायचा न्हाई. माज्या हातनं दिला तर मी कबूल झालो. त्यानं वढून न्हेला तर सरकारचा जोर."

मामा बशी खाली ठेवून उठले. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे प्रत्येक माणूस हात जोडून एकच मागणं करायचा, की मामा, जप्ती गुपचूप करा, गावाला कळू देऊ नका. हा पहिलाच माणूस असा भेटला की ज्याची अब्रू जप्ती झाल्यानंच राहणार होती. मामांनी दाराकडे बघून वहिनींनाच सांगितलं, "वैनी, दादाला सांगा, उद्या वाजतगाजत येतो."

आणि खरोखरच आले. दोन पंच, पुढे हलगीवाला, मागे निम्मं गाव. आबांनी आज दार सताड उघडं ठेवलं होतं. अंगणाच्या मध्ये दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून ते उभे होते, म्हणजे आबांनी हातानं काही दिलं असं कुणाला म्हणता येऊ नये. मामांनी यादी म्हटली. नांगर न्हाई, बी न्हाई, अंथरूण न्हाई. मग मेंढरांच्या वाड्याकडे वळले.

आबा बायकोला म्हणाले, "मेंढीला हात लावू नगं म्हनावं, समद्या लेकुरवाळ्या हायेत. बाळ्याला न्हे म्हनावं. बाळ्या गेला की समद्या गावाला कळंल, म्हाळूनं दिला न्हाई, वढून न्हेला."

बाळ्या म्हणजे आबांच्या कळपातला नर, एडका. नऊ वर्षांचा, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. नावाप्रमाणे त्याचं वागणं नव्हतं. मामांनी त्याच्या गळ्यात दोर घातला आणि त्यानं मामांच्या मांडीला अशी धडक दिली की मामा पंचांच्या अंगावर जाऊन पडले. पंचनाम्यात मामांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'एडका एक, रंग काळा, वय नऊ वर्षे, मारका, दात पडलेले.' लंगडत लंगडत ते त्याला टेम्पोत घालून शिरूरला घेऊन आले.

लिलावाला आठ दिवस होते. तोवर बाळ्या कोर्टामागच्या एका गोठ्यात होता. रोज सकाळी कोर्ट उघडायच्या आधी मामा त्याला हिरवा पाला घालायचे. एकदा मी पाहिलं, ते पाल्याची पेंढी धरून त्याच्याशी बोलत होते. मला पाहून ओशाळले. म्हणाले, "ताई, दादा बोलंल का वो?" मी म्हटलं, बोलतील. पण मला कुठं काय माहीत होतं!

लिलावात मामांना बोली लावता येत नव्हती. जप्तीच्या माणसानं बोली लावायची नाही, दुसऱ्याकरवीही लावायची नाही, असा नियम. मामांनी आपल्या बायकोला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की उद्या कोर्टाच्या रस्त्यानंसुद्धा जायचं नाही. मात्र खुटबावहून किसन आला होता. त्याला वहिनींनी निरोप धाडला होता. आबाही आले होते. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली, खांद्यावर घोंगडं टाकून, कुणाशी न बोलता बसून होते.

मामांनी वर्णन वाचलं आणि बोली सुरू झाली. किसन म्हणाला, सहाशे. एक-दोघांनी उगाच दहा-वीस वाढवले आणि गप्प बसले. किसननं साडेसातशे म्हटलं. "येक वार," मामा ओरडले. तेवढ्यात मोटरसायकलवरून बाजारातला एक व्यापारी आला. तो जनावरं घ्यायचा आणि सरळ पुण्याला कापायला धाडायचा. लांबूनच त्यानं बाळ्याचं अंग पाहिलं आणि खिशात हात घातला. किसनचा चेहरा उतरला. त्याच्याकडे साडेसातशेच होते, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. लिंबाखाली आबा उभे राहिले.

मामा थांबले. उशिरा आलेल्या माणसाला वर्णन पुन्हा ऐकवायचं, ही त्यांची नेहमीची रीत. नंतर कुणी तक्रार करू नये म्हणून. त्यांनी पंचनामा डोळ्यांजवळ धरला. "नव्या गिऱ्हाईकानं ऐकावं. एडका येक. रंग काळा. वय नऊ वर्सं. मारका. दात पडलेले."

"समदे?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"दोन हायेत!" लिंबाखालून आवाज आला. "बिऱ्या, दोन हायेत आजून! डोळं फुटलं का तुजं? आन् मारका कुनाला म्हनतो रं? तूच त्याला लानपनी शिकावलास टकरा घ्यायला!"

आवारात सगळे हसायला लागले. वकील हसले, पोलीस हसले, खिडकीत उभी राहून मी हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी मान वळवली नाही, कागदावरून नजरही काढली नाही. कागदावर पेन चालवत म्हणाले, "मालकाच्या सांगन्यावरनं दुरुस्ती. दात दोन."

व्यापाऱ्यानं बाळ्याचा जबडा उघडून पाहिला, दोन दात मोजले आणि खिशातला हात बाहेर काढला. "मामा, ह्यो शिजायला तीन दिस लागतील. ऱ्हाऊ द्या."

"दोन वार. तीन वार," मामा म्हणाले, आणि बाळ्या किसनच्या नावावर झाला.

दंड वळता करून उरलेले पैसे घ्यायला आबा माझ्या खिडकीशी आले. मी सहीसाठी कागद पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. "बाई, काय लिवलंय ते वाचून दावा. दंड भरला म्हनून लिवलंय का?"

मी वाचलं, "'जप्ती व लिलावाने वसूल.' भरला असं कुठंच नाही, आबा."

"मग द्या," म्हणाले, आणि एकेक अक्षर कोरत सही केली. पंधरा दिवसांची कैद टळली होती, आणि आबांनी दंड भरलेला नव्हता. दोन्ही गोष्टी सरकारी कागदावर होत्या.

तो माझा शिरूरच्या कोर्टातला शेवटचा दिवस. माझी बदली आमच्या घरच्या गावी, दौंडला झाली होती. टेबल आवरून, सगळ्यांचा निरोप घेऊन मी साडेपाचला बाहेर पडले. किसन टेम्पो शोधायला गेला होता. आबा अजून लिंबाखालीच होते. बाळ्या शेजारी बांधलेला. मामा पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरले आणि चार हातांवर येऊन थांबले. पुढं जावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

आबांनी वर न बघता विचारलं, "सुटलं का हापिस?"

"सुटलं."

"मग बस की. तुज्या वैनीनं दोगांच्या भाकरी दिल्यात बांदून."

मामा खाली बसले, अगदी लहान मुलासारखी मांडी घालून. आबांनी घोंगड्याखालचं फडकं सोडलं. भाकरी वाळून कडक झाल्या होत्या, वरच्या चटणीचं तेल फडक्याला लागलं होतं. सकाळी मी कोर्टात शिरले तेव्हापासून म्हातारा तिथं बसून होता. घरून निघाला तेव्हा लिलाव व्हायचा होता, एडका जायचा की राहायचा ते ठरायचं होतं, भावाशी एक शब्द झालेला नव्हता. तरी भाकरी तो दोघांच्याच घेऊन आला होता, आणि दिवसभर त्यानं त्यातली एकही मोडली नव्हती.